हंगाम संपल्यावरचा अहवाल : गांजा आणि पुरुषाची प्रजननक्षमता, एक प्रकरण अभ्यास

पुढे मांडलेले प्रकरण कोणा एका माणसाचे नाही. वंध्यत्वाच्या तपासणीत पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या परिस्थिती एकत्र करून ते शिकण्यासाठी रचले आहे. त्यातील जोडपे काल्पनिक आहे. ज्या संशोधनांचा आणि कायद्याचा उल्लेख येतो ते मात्र खरे आहेत.

जोडपे

पती ३४ वर्षांचा, मूळचा सावंतवाडीजवळचा, उत्तर गोव्यातील एका हॉटेलात तंदूर सांभाळणारा आचारी. पत्नी ३१ वर्षांची, गावाकडेच प्राथमिक शाळेत शिक्षिका. लग्नाला तीन वर्षे झालेली आणि मूल व्हावे म्हणून प्रयत्न सुरू करून वीस महिने लोटलेले. नियमित संबंध असूनही बारा महिन्यांत गर्भधारणा झाली नाही तर वंध्यत्वाची तपासणी सुरू करावी, असा सर्वसाधारण नियम आहे. परंतु इथे 'नियमित' या शब्दापाशीच थांबावे लागते, कारण पती सोमवारी रात्री उशिरा घरी येत असे आणि बुधवारी पहाटेच्या गाडीने परत जात असे. स्त्रीच्या पाळीच्या चक्रात गर्भधारणा होऊ शकेल असे दिवस साधारण सहाच असतात, बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. आठवड्यातून एकच दिवस घरी असणाऱ्या माणसाच्या वाट्याला त्यांतला फार तर एखादा येतो, आणि तोही दमलेल्या अवस्थेत.

पत्नीच्या सगळ्या तपासण्या आधीच झाल्या होत्या. थायरॉइड, संप्रेरके, सोनोग्राफी, बीजनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहणारा त्रासदायक एक्स-रे, सारे काही ठीक निघाले होते. पतीची वीर्य तपासणी मात्र दीड वर्षाने, सर्वांत शेवटी झाली. आपल्याकडचा हा क्रम मला नेहमी उलटा वाटतो. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीने सापडते, आणि पुरुषाच्या या पहिल्या तपासणीत सुईसुद्धा टोचावी लागत नाही.

पहिले दोन अहवाल

मार्चमधील पहिल्या अहवालात वीर्याचे प्रमाण २.२ मिलिलिटर होते, शुक्राणूंची संख्या मिलिलिटरमागे ९ दशलक्ष, पुढे सरकणारे शुक्राणू २१ टक्के आणि योग्य आकाराचे ३ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या प्रयोगशाळा पुस्तिकेत या गोष्टींच्या खालच्या मर्यादा अनुक्रमे १.४ मिलिलिटर, १६ दशलक्ष, ३० टक्के आणि ४ टक्के अशा दिल्या आहेत. या मर्यादा म्हणजे उत्तीर्ण-अनुत्तीर्णाची रेषा नव्हे. ज्यांच्या जोडीदाराला वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांपैकी शेवटच्या पाच टक्क्यांचे आकडे जिथे सुरू होतात, तिथे ती रेषा आखलेली आहे. त्यामुळे तिच्या खाली असणाऱ्यालाही मूल होऊ शकते आणि वर असणाऱ्याला होईलच असे नाही. शिवाय एकाच माणसाचे आकडे एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात बरेच हलतात, म्हणून एका अहवालावर निर्णय घेत नाहीत. चार आठवड्यांनी केलेल्या दुसऱ्या तपासणीत संख्या ११ दशलक्ष आणि पुढे सरकणारे २४ टक्के आले, तेव्हा पहिला अहवाल अपवाद नव्हता हे कळले.

शारीरिक तपासणीत दोन्ही वृषणांचा आकार योग्य होता. डाव्या बाजूला, श्वास रोखून जोर लावल्यावरच हाताला लागेल इतपत फुगलेल्या शिरा होत्या, म्हणजे पहिल्या श्रेणीचा व्हेरिकोसील. टेस्टोस्टेरॉन आणि एफएसएच (वृषणांना शुक्राणू तयार करण्याचा आदेश देणारे संप्रेरक) दोन्ही मर्यादेत होते. संख्या ५ दशलक्षाच्या वर असल्याने गुणसूत्रांची तपासणी लगेच करण्याची गरज वाटली नाही. शुक्राणूंमधील डीएनए किती तुटलेला आहे हे दाखवणारा निर्देशांक मात्र ३४ टक्के आला, आणि सामान्यतः ३० च्या वरचा आकडा चिंतेचा मानतात.

न विचारलेला प्रश्न

पहिल्या भेटीत भरून घेतलेल्या कागदावर 'व्यसन' असा एक रकाना होता. पत्नी शेजारी बसलेली असताना पतीने उत्तर दिले होते, "दारू नाय, सिगरेट नाय." डॉक्टरांनी रकान्यात 'नाही' लिहिले आणि पुढचा प्रश्न विचारला.

दुसऱ्या अहवालानंतर समुपदेशकाने त्याला एकट्याला बसवून घेतले आणि व्यसनाचा शब्दही न काढता विचारले, "रात्री किचन बंद झाल्यावर तुम्ही मंडळी काय करता?" उत्तर सहज आले. साडेबारा वाजता भांडी आवरली की मागच्या जिन्यावर चार-पाच जण बसत. कोणीतरी गांजा वळण्याचा गोगो कागद काढी, सिगारेटमधली तंबाखू हातावर काढून तीत माल, म्हणजे गांजा, मिसळला जाई, आणि प्रत्येकाच्या वाट्याला रोज दोन जॉइंट येत. सात वर्षे हा क्रम चालू होता. त्याच्या लेखी हे व्यसन नव्हतेच. बारा तास भट्टीपाशी उभे राहिल्यावर शीण घालवण्याची ती रीत होती, आणि 'सिगारेट ओढत नाही' हे विधानही त्याच्या दृष्टीने खरे होते, कारण ती तंबाखू तो सिगारेट म्हणून ओढत नव्हता. इथे तो खोटे बोलला असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. प्रश्नच चुकीच्या शब्दांत आणि चुकीच्या माणसांसमोर विचारला गेला होता.

न बोलण्यामागे कायद्याची भीतीही होती. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांविना असलेली पाने आणि बी त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांगेचा प्रश्न राज्यांच्या नियमांवर सोडला गेला. गांजाच्या सेवनाला कलम २७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु त्याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून शासकीय किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतल्यास खटल्यापासून संरक्षण दिलेले आहे. डॉक्टरांना सांगितलेली गोष्ट डॉक्टरांपाशीच राहते, हेही त्याला त्या दिवशी प्रथमच कोणीतरी स्पष्टपणे सांगितले.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट बाहेर आली आणि ती अहवालात कधीच दिसली नसती. घरी आई असल्यामुळे सुटीच्या दिवशी तो काहीही ओढत नसे. रोजच्या सवयीचा गांजा अचानक थांबला की एक-दोन दिवसांतच झोप उडणे, चिडचिड आणि भूक मंदावणे सुरू होऊ शकते. म्हणजे महिन्यातून जे चार-पाच दिवस पती-पत्नी एकत्र असत, नेमक्या त्या दिवसांत तो अस्वस्थ असे, आणि बऱ्याच वेळा संबंध येतच नसे. वीस महिन्यांच्या प्रयत्नांचा हिशेब या एका माहितीने निम्म्यावर आला.

गांजाने शुक्राणूंचे काय होते

गांजातील नशा आणणारे मुख्य द्रव्य टीएचसी. इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी ते १९६४ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते शरीरात ज्या ग्राहींना, म्हणजे पेशींवरील संदेश टिपणाऱ्या जागांना, चिकटते ते मेंदूत तर आहेतच, शिवाय वृषणांत आणि खुद्द शुक्राणूंच्या पृष्ठभागावरही आहेत. हे ग्राही गांजासाठी बनलेले नाहीत. शरीर स्वतःच त्यांच्यासाठी एक रेणू तयार करते. १९९२ मध्ये मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत तो सापडला, तेव्हा त्याला संस्कृत 'आनंद' या शब्दावरून आनंदामाइड असे नाव देण्यात आले. हे आनंदामाइड वीर्यद्रवात, स्त्रीच्या बीजनलिकेतील द्रवात आणि बीजपुटकातील द्रवातही आढळते. शुक्राणूने कधी शांत राहावे आणि कधी वेग घ्यावा, याच्या सूचनांमध्ये त्याचा वाटा असावा असे त्यावरून मानले जाते. बाहेरून टीएचसीचा लोंढा आला की या बारीक सूचना त्यात बुडून जातात. प्रयोगशाळेत शुक्राणूंवर थेट टीएचसी सोडल्यावर त्यांची हालचाल मंदावते आणि बीजाचे कवच भेदण्यासाठी शुक्राणूच्या टोकाशी जी रासायनिक क्रिया व्हावी लागते तीही अडते, असे दिसले आहे. दुसरा मार्ग मेंदूतून जातो: वृषणांना आदेश देणाऱ्या पिट्यूटरी ग्रंथीच्या संप्रेरकांचे स्पंदन टीएचसीने दबते, हे मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांतून कळले आहे.

प्रयोगशाळेतील बशी आणि संसारातील पुरुष यांच्यात मात्र बरेच अंतर आहे, आणि तिथे पुरावा गोंधळाचा आहे. १९७४ मध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिकात दोन अमेरिकी गटांचे निष्कर्ष आले. एकाने नियमित गांजा ओढणाऱ्या वीस तरुणांत टेस्टोस्टेरॉन कमी असल्याचे सांगितले, तर दुसऱ्याला देखरेखीखाली ठेवलेल्या पुरुषांत तशी घट दिसली नाही. पुढे २०१५ मध्ये डेन्मार्कमधील १,२१५ तरुणांच्या अभ्यासात आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा गांजा ओढणाऱ्यांची शुक्राणूसंख्या इतरांपेक्षा २८ टक्के कमी आढळली. गांजासोबत इतर अमली पदार्थही घेणाऱ्यांत ही घट ५२ टक्के होती. गंमत अशी की याच अभ्यासात गांजा ओढणाऱ्यांचे टेस्टोस्टेरॉन कमी नव्हे तर जास्तच होते, सिगारेट ओढणाऱ्यांत दिसते तितके. आपल्या आचाऱ्याचे टेस्टोस्टेरॉन मर्यादेत होते, यावरून त्याच्या शुक्राणूंविषयी दिलासा घेता येत नव्हता तो यामुळे.

मग २०१९ मध्ये बॉस्टनमधील मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या वंध्यत्व केंद्रातील ६६२ पुरुषांचा अभ्यास आला. आयुष्यात कधीतरी गांजा ओढलेल्यांची सरासरी संख्या ६२.७ दशलक्ष आणि कधीच न ओढलेल्यांची ४५.४ दशलक्ष, म्हणजे निकाल अगदी उलटा. हा अभ्यास आचाऱ्याच्या एका सहकाऱ्याने मोबाइलवर दाखवून त्याला धीर दिला होता. परंतु त्या अभ्यासातील बहुतेकांनी गांजा कधीच सोडून दिला होता, आणि कॉलेजात चार वेळा ओढलेला माणूस व सात वर्षे रोज दोन जॉइंट ओढणारा माणूस यांना एका पारड्यात तोलता येत नाही. उत्तर अमेरिकेतील जोडप्यांच्या २०१८ च्या एका पाहणीत तर गांजाचा वापर आणि दिवस राहण्याचा वेग यांचा फारसा संबंधच दिसला नाही. आधीच संख्या कमी, व्हेरिकोसील आणि उष्णता असलेल्या पुरुषाला सर्वसामान्य जोडप्यांची ही सरासरी कितपत लागू पडते, हा वेगळा प्रश्न आहे. माझ्या मते लागू पडत नाही. ज्याच्या खिशात शंभर रुपये आहेत त्याला दहा रुपये गेल्याचे कळत नाही, ज्याच्याकडे पंधराच आहेत त्याला कळते.

सहकाऱ्यांचा दुसरा युक्तिवाद आयुर्वेदाचा होता. भांग वाजीकर, म्हणजे कामशक्ती वाढवणारी, आहे, जुने वैद्य ती मदनमोदक या औषधी लाडवात घालतात, मग गांजाने पुरुषत्व कसे घटेल? मदनमोदकात भांग असते हे खरे आहे. परंतु जुना आयुर्वेद ग्रंथकार शार्ङ्गधर याने भांगेचे आणि अफूचे जे प्रसिद्ध उदाहरण दिले आहे, ते 'व्यवायी' द्रव्याचे, म्हणजे आधी सर्व शरीरात पसरून मग पचणाऱ्या द्रव्याचे आहे. 'व्यवाय' या शब्दाचा दुसरा अर्थ संभोग असल्याने तिथे अनेकांची गल्लत होते. शिवाय इच्छा वाढणे किंवा वेळ लांबल्यासारखी वाटणे आणि वीर्यात शुक्राणू पुरेसे असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नशेत पहिली वाढल्यासारखी वाटली म्हणून दुसरी वाढत नाही.

काय ठरले

कारणे एक नव्हती, चार होती: गांजा, त्यात मिसळलेली तंबाखू, भट्टीची धग आणि छोटा व्हेरिकोसील. वृषणे शरीराबाहेर असतात ती त्यांना दोन ते चार अंश कमी तापमान लागते म्हणून, आणि तंदुरापुढे बारा तास उभे राहणाऱ्याला ते मिळत नाही. पाचवी गोष्ट जोडप्याच्या वेगवेगळ्या राहण्याची, पण ती शुक्राणूंची नव्हती.

डॉक्टरांनी शस्त्रक्रिया लांबणीवर टाकली. जोर लावल्यावरच हाताला लागणाऱ्या शिरांसाठी लगेच टेबलावर घेणे त्यांना घाईचे वाटले. शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात आणि पुढच्या नलिकेतून परिपक्व होऊन बाहेर पडण्यास आणखी एक-दोन आठवडे. त्यामुळे आज सोडलेल्या गांजाचा परिणाम पाहायचा तर तीन महिने थांबणे भाग होते. गोव्यातील हॉटेलांचा हंगाम मेअखेर ओसरतो आणि पावसाळ्यात किचनमधल्या निम्म्या माणसांना रजा मिळते. जून ते सप्टेंबर तो घरी राहू शकत होता, म्हणून गांजा आणि तंबाखू दोन्ही मेच्या शेवटच्या आठवड्यापासून पूर्ण बंद करण्याचे ठरले.

शुक्राणूवाढीची महागडी पाकिटे त्याला दिली नाहीत, हे नमूद करायला हवे, कारण अशा प्रत्येक फायलीत ती सापडतात. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत, एक जस्त आणि फॉलिक आम्लाची २,३७० जोडप्यांवरची व दुसरी अँटिऑक्सिडंट गोळ्यांची, औषध घेणाऱ्यांना न घेणाऱ्यांपेक्षा फायदा दिसला नाही. व्यायामशाळेतील मित्राने सुचवलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने तर स्पष्ट शब्दांत मना केली; बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळाले की मेंदू वृषणांना आदेश देणे थांबवतो आणि संख्या शून्यावरही येऊ शकते.

पहिला आठवडा वाईट गेला. रात्री घाम, झोप नाही, आणि आचारी असून ताटातले अन्न नको वाटे. राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा १४४४६ हा क्रमांक त्याच्याकडे होता, पण खरा आधार निघाला तो वेगळाच. चौथ्या दिवशी त्याने पत्नीला सगळे सांगितले. ती म्हणाली, "तुमच्या शर्टांना पहिल्या दिवसापासून वास येतो. मला वाटायचं, भट्टीचा असेल." ती चिडली, दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्यासोबत दवाखान्यात आली.

जुलैत एका मित्राच्या घरी तो एकदा घसरला. त्याने ते स्वतः कळवले आणि ते नोंदवून घेतले. लघवीची तपासणी मात्र मुद्दाम केली नाही. टीएचसी चरबीत साठते आणि रोज ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अवशेष सोडल्यानंतर कित्येक आठवडे सापडू शकतात, त्यामुळे तो अहवाल त्याला खोटा ठरवण्यापलीकडे काही सांगू शकला नसता.

पावसाळ्यानंतर

सप्टेंबरमधील तपासणीत संख्या १९ दशलक्ष, पुढे सरकणारे ३३ टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के आणि डीएनएचा निर्देशांक २४ टक्के असा अहवाल आला. घरात आनंद झाला आणि गांजा सोडल्यामुळे सगळे सुधारले, असे पतीने सर्वांना सांगायला सुरुवात केली. डॉक्टरांना त्याचा हिरमोड करायचा नव्हता, तरीही त्यांनी ते वाक्य फायलीत लिहिले नाही. त्या चार महिन्यांत गांजा थांबला होता, तंबाखू थांबली होती, भट्टी नव्हती आणि झोप पुरी होत होती. चारही गोष्टी एकाच वेळी बदलल्यावर श्रेय कोणाचे, हे कसे ठरवणार? शिवाय खूप खाली गेलेला आकडा पुढच्या खेपेस काही न करताही थोडा वर येण्याची शक्यता असते.

ऑक्टोबरमध्ये हॉटेल पुन्हा सुरू झाले आणि तो परतला. गांजा आणि तंबाखूपासून तो दूर राहिला. मागच्या जिन्याऐवजी रात्री तो थेट खोलीवर जाऊ लागला. तंदूर मात्र तोच होता. डिसेंबरमधील चौथ्या अहवालात संख्या १५ दशलक्ष आणि पुढे सरकणारे ३१ टक्के होते. एका माणसावरून नियम काढता येत नाही, पण या आकड्याने मला सप्टेंबरपेक्षा अधिक सांगितले. धग परत आल्यावर आकडा उतरला, तरी मार्चच्या ९ पर्यंत खाली गेला नाही. उरलेल्या फरकात गांजा किती आणि तंबाखू किती, हे मात्र या माणसाच्या बाबतीत कधीच कळणार नाही, कारण दोन्ही एकाच कागदात गुंडाळलेल्या होत्या.

जानेवारीपासून त्याने मालकाला सांगून तंदूर सोडला आणि सॅलड व थंड पदार्थांचे काउंटर घेतले. पगार थोडा घटला. सुटी सलग दोन दिवसांची आणि पत्नीच्या पाळीच्या तारखा पाहून घेण्याची सवलत त्याने त्याच बोलणीत मिळवली. कृत्रिम रेतनाचा पर्याय डॉक्टरांनी समजावून सांगितला होता. पत्नीचे वय आणि तिचे अहवाल पाहता सहा महिने थांबण्यास हरकत नव्हती, आणि तिने थांबायचे ठरवले.

एप्रिलमध्ये तिला दिवस गेल्याचे कळले. फायलीच्या शेवटच्या पानावर 'वंध्यत्वाचे कारण' असा रकाना असतो. तिथे डॉक्टरांनी लिहिले : 'अनेक, वेगळे करता येत नाहीत. गांजा व तंबाखू बंदच ठेवावी.'